व्ही-स्ट्रॉम ६५०च्या मागच्या सस्पेन्शनची सर्व्हिस : ४३,००० किलोमीटरनंतरचा अनुभव

माझ्याकडे २०१९ साली घेतलेली सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० एक्सटी ही मोटरसायकल आहे. तिच्या मागच्या शॉकची (धक्के शोषणाऱ्या भागाची) आणि त्याला जोडलेल्या लिंकेजची (चाकाची हालचाल शॉकपर्यंत नेणाऱ्या जोडणीची) पूर्ण सर्व्हिस मी गेल्या जानेवारीत पुण्यातील एका वर्कशॉपमध्ये करून घेतली. तिथे सस्पेन्शनखेरीज दुसरे कोणतेही काम घेत नाहीत. त्यानंतर गाडी सुमारे ३,००० किलोमीटर चालली असून खंबाटकी, ताम्हिणी आणि आंबोली हे तिन्ही घाट तिने एकट्या चालकासह आणि जोडीने असे दोन्ही प्रकारे उतरले आहेत. त्यामुळे या कामाविषयी आता मोजूनमापून लिहिता येईल असे वाटते.

त्रासाची सुरुवात इतकी हळूहळू झाली की दोन वर्षे मी तो त्रास मानलाच नाही. सकाळी निघाल्यावर पहिला अर्धा तास मागची बाजू ताठ वाटायची आणि प्रत्येक गतिरोधकावर मणक्याला हिसका बसायचा. नंतर ऊन चढले आणि साताऱ्याच्या पुढे रस्ता खराब लागला की तीच गाडी मागून झुलायला लागायची. वळणात एखादा उंचवटा आला तर मागचे चाक एकदा खाली-वर होऊन थांबत नसे, दोन-तीनदा डुलत असे. निपाणीहून आजऱ्यामार्गे आंबोलीकडे जाताना गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकते, हँडल जड लागते, आणि पत्नी मागे बसली असेल तर रात्री समोरून येणारे चालक डिपर मारतात, हेही लक्षात आले होते. या तिन्ही गोष्टींचे कारण एकच होते : मागची बाजू खाली बसत होती. मागची बाजू बसली की पुढच्या फोर्कचा कोन अधिक कलता होतो, त्यामुळे वळण घेणे जड जाते, आणि हेडलाइटचा झोत वर उचलला जातो. मी मात्र आधी सीटला दोष दिला, मग टायरला, आणि शेवटी रस्त्याला.

मधल्या काळात एका गॅरेजमध्ये गाडी ‘थोडी कडक’ करून घेतली होती. तिथल्या मेकॅनिकने शॉकच्या खालच्या टोकाचा रिबाउंडचा स्क्रू, म्हणजे दाबलेली स्प्रिंग किती वेगाने परत उघडेल हे ठरवणारा स्क्रू, जवळजवळ पूर्ण बंद केला, आणि मला त्या वेळी ते बरेही वाटले. प्रत्यक्षात झाले असे की दाबलेली स्प्रिंग परत उघडायला शॉक इतका वेळ घेऊ लागला की लागोपाठ खड्डे आल्यावर मागचे चाक पुन्हा खाली येण्याआधीच पुढचा खड्डा लागायचा, आणि गाडी दर खड्ड्यागणिक आणखी खाली बसत जायची. झिजलेले तेल गरम होऊन पातळ झाले की याच्या उलट घडायचे. एकच शॉक सकाळी फार मंद आणि दुपारी फार सैल का वागत होता, याचा उलगडा मला सर्व्हिसच्या दिवशी झाला.

वर्कशॉपचे मला सर्वांत आवडलेले वैशिष्ट्य हे की त्यांनी पाना हातात घेण्याआधी मोजपट्टी घेतली. माझ्या गाडीला डबल स्टँड नाही, म्हणून ती चौकटीखाली आधार देऊन उचलण्यात आली, मागचे चाक पूर्ण लोंबकळू दिले आणि चाकाच्या धुरीपासून शेपटीवरच्या एका ठरावीक खुणेपर्यंतचे अंतर लिहून घेतले. नंतर गाडी जमिनीवर उभी करून, आणि मग मला हेल्मेट, जॅकेट व बुटांसह सीटवर बसवून तेच अंतर पुन्हा मोजले. चालक बसल्यावर मागची बाजू जितकी खाली येते त्याला सॅग म्हणतात. रस्त्यावरच्या टूरिंग गाडीत तो मागच्या चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण ३० टक्के असावा असा संकेत आहे. या गाडीत ती हालचाल सुमारे १६० मिलिमीटर आहे, म्हणजे सॅग ४८ मिलिमीटरच्या आसपास हवा.

खरी गंमत पुढे आहे, आणि हे माप घरीही घेता येण्यासारखे असल्याने त्यावर थोडे थांबतो. मी बसलेला असताना मेकॅनिकने मागची बाजू हाताने खाली दाबून अलगद सोडली आणि माप घेतले : सॅग ६५ मिलिमीटर. मग तीच बाजू वर उचलून अलगद सोडली : सॅग ४७. एकाच चालकाला, एकाच स्प्रिंगवर, दोन मिनिटांच्या अंतराने १८ मिलिमीटरचा फरक पडला. सस्पेन्शनचे सांधे मोकळे असतील तर हा फरक काही मोजक्या मिलिमीटरांचा असतो. इथे मात्र चाक जिथे थांबेल तिथेच अडकून राहत होते, आणि छोट्या धक्क्यांना शॉकपर्यंत पोहोचण्याआधी या अडकलेपणावर मात करावी लागत होती. मेकॅनिक म्हणाला, “सर, शॉकअप नंतर बघू. आधी खालचं लिंकेज उघडू या.”

व्ही-स्ट्रॉममध्ये शॉक थेट चिमट्याला, म्हणजे मागचे चाक धरून वर-खाली होणाऱ्या भागाला, जोडलेला नसतो. चिमटा, दोन दांडे आणि एक तिकोनी तरफ यांच्या जोडणीतून चाकाची हालचाल शॉकपर्यंत जाते. या रचनेमुळे सुरुवातीच्या हालचालीत मागची बाजू मऊ राहते आणि चाक जसजसे वर जाते तसतशी ती कडक होते. या जोडणीतले सांधे सुईसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगवर फिरतात. ती बेअरिंगे पूर्ण गोल कधीच फिरत नाहीत, काही अंशांतच मागे-पुढे होतात, त्यामुळे ग्रीस पसरत नाही आणि त्याच त्या रेषेवर झीज होते. शिवाय लिंकेज मागच्या चाकाच्या पुढ्यात, गाडीच्या अगदी पोटाशी असल्याने पाणी, चिखल आणि वाळू यांचा मारा तिथेच होतो. माझ्या गाडीने कोकणातले पाच पावसाळे पाहिले आहेत, आणि दर सहलीनंतर मी ती प्रेशरच्या पाण्याने धुऊन आणत होतो. सील बाहेरची धूळ अडवू शकतात, परंतु जवळून मारलेली पाण्याची धार अडवण्यासाठी ते बनवलेले नसतात.

तरफ बाहेर आली तेव्हा तिच्यातल्या तीन बेअरिंगांपैकी दोन लालसर पावडरीने भरलेली होती, आणि एकीची आतली नळी हातोडीशिवाय निघाली नाही. त्या नळीवर रोलरांच्या रेषा नखाला लागत होत्या. चिमटा ज्यावर फिरतो त्या मुख्य पिव्हटचे ग्रीस काळे पडले होते, पण धातू शाबूत होता, म्हणून तो फक्त साफ करून परत बसवला. खराब बेअरिंगे, नळ्या आणि सर्व सील बदलण्यात आले आणि पाण्याने न वाहणारे जाड ग्रीस भरण्यात आले. यात गाडीचा दोष आहे असे मला वाटत नाही. ४३,००० किलोमीटरमध्ये एकदाही न उघडलेले लिंकेज कोणत्याही गाडीचे असते तरी असेच निघाले असते. दोष नेहमीच्या सर्व्हिसच्या त्या सवयीचा आहे, ज्यात इंजिन ऑइल, फिल्टर आणि चेन झाली की गाडी तयार समजली जाते.

शॉकचे काम तुलनेने सरळ झाले. त्याच्या आत दांड्याला जोडलेला पिस्टन तेलातून फिरतो, तेल पिस्टनवरच्या पातळ पोलादी चकत्यांना वाकवत बारीक वाटेने जाते, आणि या अडथळ्यात धक्क्याची शक्ती उष्णता होऊन जाते. तेलाला फेस येऊ नये म्हणून दुसऱ्या बाजूने नायट्रोजनचा दाब ठेवलेला असतो. नायट्रोजन कोरडा असतो, त्यामुळे गरम झाल्यावर त्याचा दाब अंदाजाबाहेर वाढत नाही आणि आत ओलावाही शिरत नाही. माझ्या शॉकमधून निघालेले तेल करड्या रंगाचे आणि पाण्यासारखे पातळ होते. दांड्यावरचा क्रोम मात्र स्वच्छ निघाला, आणि हे महत्त्वाचे, कारण दांड्यावर गंजाचे ठिपके पडलेले असतील तर नवे सील थोड्याच दिवसांत पुन्हा फाटते. मापाचे सील जुळवून बसवण्यात आले, नवे तेल हवेचा बुडबुडा न ठेवता भरले आणि सुमारे १० बार दाबाने नायट्रोजन भरला. कारच्या टायरमधल्या दाबाच्या चौपटीहून हा अधिक आहे, म्हणून हे काम घरच्या अंगणात करून पाहण्याचा मोह कोणीही धरू नये. लिंकेज घरी उघडणे शक्य आहे. शॉक उघडणे मुळीच नाही.

तेलाच्या निवडीबाबत तिथे मिळालेली माहिती माझ्यासाठी नवी होती. डब्यावरचा, तेलाचा दाटपणा सांगणारा डब्ल्यूचा आकडा सर्व कंपन्यांचा सारखा नसतो. एका कंपनीचे ५ आणि दुसरीचे ५ यांच्या दाटपणात बराच फरक पडू शकतो, म्हणून हे लोक ४० अंश सेल्सिअसला मोजलेला सेंटिस्टोकचा (दाटपणाच्या एककाचा) आकडा पाहून तेल निवडतात. इतक्या बारकाईने काम करणाऱ्यांकडे गाडी सोपवताना मन निर्धास्त राहते.

सगळे परत बसवल्यावर पुन्हा तीच दोन मापे घेतली : ५५ आणि ५१. अठरावरून फरक चारवर आला होता. मग बाजूला असलेला प्रीलोडचा (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची हे ठरवणारा) नॉब फिरवून सॅग ४८ वर आणला, आणि रिबाउंडचा स्क्रू पूर्ण बंद करून तिथून मोजत उघडला. इथे एक समज दूर करणे आवश्यक आहे, कारण मीही तो बाळगून होतो. प्रीलोड वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तिच्या तारेच्या जाडीवर आणि वेटोळ्यांवर ठरलेला असतो. नॉब फिरवल्याने फक्त गाडी कोणत्या उंचीवर उभी राहील हे बदलते. त्यामुळे धक्के बसतात म्हणून नॉब सैल करणे, किंवा गाडी डुलते म्हणून तो आवळणे, हे दोन्ही उपाय मूळ दुखण्याला हात लावत नाहीत. मागची उंची बदलल्यावर चेनचा ताण तपासायला हवा, आणि तो त्यांनी न सांगता तपासला.

आता चालवण्यातला फरक. पहिला बदल वर्कशॉपच्या फाटकाबाहेरच्या खडबडीत पट्ट्यावरच जाणवला. बारीक धक्के, ज्यांचा एरवी सीटमधून सतत कडकडाट येत असे, ते चाकापाशीच विरून गेले. हे श्रेय माझ्या मते शॉकचे कमी आणि लिंकेजचे अधिक आहे. ताम्हिणीत माणगावच्या बाजूला उतरताना, उंचवट्यावरून वळण घेत असताना, मागची बाजू एकदा दबून वर आली आणि स्थिर झाली. हँडल हलके झाले असून ठरवलेली रेषा गाडी सोडत नाही. पुणे ते सावंतवाडी एका दिवसात गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कमरेला जो ताण असायचा तो यावेळी नव्हता, आणि मुख्य म्हणजे दुपारच्या उन्हात, नऊ तास चालल्यानंतरही, गाडी सकाळसारखीच वागत होती.

खर्च एकूण १४,२०० रुपये झाला : बेअरिंगे, नळ्या आणि सील यांचे ६,१००, शॉकच्या कामाचे ५,१०० आणि काढण्या-बसवण्याची मजुरी ३,०००. नवा शॉक घेण्याच्या मानाने हा खर्च फारच थोडा आहे. ज्यांचे बजेट तोकडे आहे त्यांनी आधी लिंकेज आणि सॅग एवढेच करून पाहावे आणि शॉकचा निर्णय त्यानंतर घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवीन. माझ्या गाडीत निम्म्याहून अधिक सुधारणा तिथेच झाली.

वर्कशॉपविषयी दोन तक्रारी नोंदवतो. चार दिवसांत गाडी देण्याचे ठरले होते, पण बेअरिंगे यायला उशीर झाल्याने नऊ दिवस लागले, आणि प्रत्येक वेळी चौकशी मलाच करावी लागली. शिवाय मापे, स्क्रूची स्थिती आणि तेलाचा प्रकार यांची नोंद मी मागितल्यावरच कागदावर मिळाली. पुढच्या सर्व्हिसला याच नोंदींची गरज पडते, म्हणून ती प्रत्येक ग्राहकाला बिलासोबतच मिळायला हवी. लिंकेज दर पावसाळ्यानंतर उघडून ग्रीस करावे आणि शॉकचे तेल २५,००० किलोमीटरच्या आत बदलावे, असा त्यांचा सल्ला आहे, आणि प्रेशरची धार त्या भागावर मारणे मी पूर्ण बंद केले आहे.

एक प्रश्न मात्र या सर्व्हिसने सुटलेला नाही. पत्नी मागे आणि दोन्ही पॅनियर (बाजूच्या सामानाच्या पेट्या) भरलेले असताना प्रीलोड पूर्ण आवळूनही सॅग ५८ मिलिमीटर राहतो, आणि त्याच स्थितीत रिकामी गाडी स्वतःच्या वजनाने जेमतेम ३ मिलिमीटर खाली येते. हे दोन आकडे एकत्र वाचले की अर्थ स्पष्ट होतो : एवढ्या वजनाला ही स्प्रिंग मऊ पडते, आणि नॉबमध्ये आणखी जागा असती तरी ती कामाला आली नसती. वर्कशॉपने आम्हा दोघांचे आणि भरलेल्या पेट्यांचे वजन लिहून घेतले असून त्याप्रमाणे एक कडक स्प्रिंग मागवायची ठरली आहे. ती येईपर्यंत जड सामान पेट्यांच्या तळाशी आणि पुढच्या बाजूला ठेवतो, आणि रात्रीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी हेडलाइटचा झोत खाली करून घेतो.