जुना एमडीएफ: वाफवून तंतू काढायचे की दळून प्लास्टिकमध्ये मिसळायचा?
एमडीएफचे, म्हणजे लाकडाचे तंतू डिंकाने दाबून केलेल्या बोर्डाचे, कटिंगचे तुकडे साठलेत आणि यातलं काय करू असं विचारलंस, तर आधी खर्च बघ. वाफेला प्रेशरचं भांडं, बॉयलर, ड्रायर सगळं लागतं, पण बोर्डातला युरिया-फॉर्मल्डिहाइडचा डिंक गरम ओलाव्यात सुटतो, तुकडा फुगून हातात कापसासारखा मोकळा होतो आणि ते तंतू परत नव्या बोर्डात जातात, मला तर हेच खरं रिसायकलिंग वाटतं. दळणं सोपं, पण तंतू तुटून पीठ होतं. ते नीट वाळव नाहीतर मालात बुडबुडे येतात, आणि प्लास्टिकबरोबर साधारण 200 अंशांच्या वर गेलास की लाकूड करपतं. पाण्यात मात्र हाच प्लास्टिक मिसळलेला माल जास्त टिकतो. वर चिकटवलेल्या लॅमिनेटच्या थराचा त्रास दोन्हीकडे. कचरा भरपूर, एकसारखा असेल तर वाफ. थोडाच असेल, बाहेरच्या फळ्या हव्या असतील तर दळ.