कल चाचणी नेमकी, समुपदेशन मात्र उत्पन्न पाहून

दहावीनंतरच्या वाटा सुचवणारी केंद्रे पुण्यात पेठांपासून कोथरूडपर्यंत पसरलेली आहेत. त्यांपैकी डेक्कनजवळच्या एका केंद्रात माझी मुलगी आणि आमच्या कार्यालयातील वाहनचालकाचा मुलगा या दोघांची कल चाचणी आम्ही एकाच दिवशी करून घेतली. प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते, वेळ पाळली जाते आणि भाषिक, सांख्यिक व अवकाशीय क्षमतांचा अहवाल खरोखर अभ्यासपूर्ण असतो. दोघांचेही अवकाशीय आकलन सर्वांत सरस निघाले.

समुपदेशनात मात्र फरक पडला. पालकांचा व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहून घेतलेले असते. माझ्या मुलीला पाच वर्षांची वास्तुकला सुचवली गेली आणि ‘एखादे वर्ष गेले तरी बिघडत नाही’ असा दिलासाही मिळाला. त्या मुलाला मात्र तीन वर्षांची पदविका करून लवकर कमावते होण्याचा सल्ला मिळाला. हा सल्ला चुकीचा होता असे मी म्हणणार नाही, कारण ज्या घरात एकाच पगारावर सगळे चालते तिथे शुल्काइतकाच मुलाच्या न आलेल्या कमाईचाही हिशेब असतो, आणि त्याच्या वडिलांनीही लगेच होकार दिला. आक्षेप आहे तो दुसरी वाट न दाखवण्याला. कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असल्यास राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात सवलत मिळते, त्यासाठी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि तहसीलदारांचा उत्पन्न दाखला लागतो, यांपैकी एक शब्दही तिथे निघाला नाही. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो, हेही त्याला मलाच सांगावे लागले. उलट, पदविका हा पर्याय माझ्या मुलीसमोर ठेवलाच गेला नाही. वर्गातल्या व्याख्यानांपेक्षा हाताने करण्यात रमणारी ती मुलगी आहे, आणि अहवालातही तसेच नोंदवले होते. (आम्हीही तो विचारला नसता, हे खरे.)

चाचणीपुरती मी या केंद्राची शिफारस करेन. समुपदेशनाला बसण्यापूर्वी पालकांनी उत्पन्नाचा रकाना शक्यतो मोकळा ठेवावा आणि आधी सर्व पर्याय, मग प्रत्येकाचा एकूण खर्च व उपलब्ध सवलती, याच क्रमाने माहिती मागावी.