मंद वाऱ्यातील लेझर होडी

एकट्याने चालवायची लेझर ही शिडाची होडी १९९६पासून ऑलिंपिकमध्ये आहे. माजलगाव जलाशयावर आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी मित्रमंडळींच्या शर्यतीत ती चालवली, तेव्हा वारा मंद होता आणि सतत दिशा बदलत होता. अशा वेळी चालकाने पुढे सरकून बसावे व वारा जिकडे जातो त्या बाजूला होडी किंचित कलती ठेवावी, म्हणजे सुमारे सात चौरस मीटरचे शीड स्वतःच्या वजनाने आकार धरते आणि पाण्याला टेकणारा तळ कमी होऊन घर्षण घटते. शिडावरचे लोकरीचे धागे वाऱ्याचा बदल फार लवकर दाखवतात (आमच्या गप्पांमध्ये ते कोण पाहतो!). बसण्याची जागा मात्र उंच माणसाला अरुंद पडते. वारा पडला की गुडघे आखडतात.