लॅपटॉपचा स्क्रीन : फुल एचडी की फोरके?

फुल एचडी म्हणजे 1920 × 1080, साधारण 20.7 लाख पिक्सेल, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र घडवणारे बारीक ठिपके. फोरके म्हणजे 3840 × 2160, जवळजवळ 83 लाख. बरोबर चौपट. पण हा आकडा एकटा पाहून निर्णय घेऊ नका. तेवढे पिक्सेल किती इंचांत बसवलेत, ते पाहा. 15.6 इंची स्क्रीनवर फुल एचडीत इंचाला सुमारे 141 पिक्सेल येतात, फोरकेत 282.

हा फरक मला सर्वांत जास्त जाणवतो तो देवनागरी वाचताना. बारीक अक्षरांतला रफार, अनुस्वार, ‘द्ध’सारखी जोडाक्षरं फुल एचडीवर किंचित धूसर होतात, फोरकेवर छापल्यासारखी दिसतात. दिवसभर वाचन, मुद्रितशोधन किंवा फोटोंचं काम असेल, तर हे सुख खरंच मोलाचं आहे.

मात्र फोरकेवर जागा चौपट मिळेल, असं समजू नका. मूळ आकारात अक्षरं इतकी बारीक दिसतात की स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चिन्हं मोठी करून दाखवण्याचं प्रमाण, 200 टक्के करावं लागतं, आणि मग स्क्रीनवर मजकूर फुल एचडीइतकाच मावतो. फक्त रेखीव दिसतो. शिवाय बॅटरी लवकर उतरते. गेम खेळताना ग्राफिक्स चिपवरचा भारही बराच वाढतो.

प्रवासात वापरायचा 14 इंची लॅपटॉप असेल, तर मी बिनधास्त फुल एचडी घेईन. वाचलेले पैसे रॅमवर आणि चांगल्या रंगांच्या आयपीएस प्रकारच्या पॅनेलवर (म्हणजे स्क्रीनच्या पडद्यावर) घालावेत. निकृष्ट पॅनेलचे फिके रंग फोरकेनेही सुधारत नाहीत.