अमेरिकेत ट्रक चालवायचाय: छोटी स्लीपर कॅब की मोठी?

टँकरच्या कामाला लागणाऱ्या एका मित्राला प्रश्न पडलाय: 48 इंची स्लीपरचा हलका ट्रक घ्यावा की 72 इंचीचा मोठा? स्लीपर म्हणजे चालकाच्या सीटमागची झोपायची जागा, इंच म्हणजे तिची लांबी.

वजन: तिथल्या आंतरराज्य महामार्गांवर ट्रक, ट्रेलर आणि माल मिळून साधारण मर्यादा 80,000 पौंड, म्हणजे सुमारे 36 टन. ट्रक जेवढा हलका, तेवढा माल जास्त. दूध, सिमेंट, धान्य असं वजनावर भाडं मिळत असेल तर छोटी कॅब प्रत्येक खेपेला चार पैसे जास्त देते. वेफर्सची खोकी नेणाऱ्याला मात्र याचा काडीचा उपयोग नाही. त्याचा ट्रेलर वजनाआधी जागेनेच भरतो.

राहणं: खरी गोम इथे आहे. 11 तास गाडी हाकली की साधारणपणे 10 तास विश्रांती सक्तीची. छोट्या कॅबमध्ये ते तास बिछान्यावरच काढायचे. फ्रीज कुठेतरी कोंबता येतो, स्वयंपाकाचं विसरा. त्यात इंजिन बंद ठेवून एसी चालवणारं युनिट बसवलं की वाचवलेलं वजन बरंचसं परत येतं.

चालवणं: आखूड ट्रक अडचणीच्या आवारात पटकन वळतो, पण खड्डे जास्त जाणवतात. इंजिनही लहान असेल तर घाटात रखडायची तयारी ठेवा.

आठवड्यातून दोन-तीन रात्रीच बाहेर आणि भाडं टनावर, तर छोटी घ्या. महिना-महिना घराबाहेर राहणाऱ्याने, किंवा जोडीने गाडी चालवणाऱ्यांनी, मोठीच घ्यावी.