क्वार्टर पाउंड पिकअप: दीड वर्ष वाजवून झाल्यावर

माझा बेस गिटार चार तारांचा, फेंडरच्या प्रिसिजन घाटाचा. एक पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग), एक व्हॉल्यूम, एक टोन, बस. त्यात सीमोर डंकन कंपनीचा एसपीबी-३, म्हणजे ज्याला सगळे क्वार्टर पाउंड म्हणतात तो पिकअप बसवून दीड वर्ष झालं. बसवला त्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर पाचपैकी पाच तारे दिले असते. तीन महिन्यांनी लिहिलं असतं तर दोन. आता तो घरी, तालमीत, कार्यक्रमात आणि रेकॉर्डिंगमध्ये पुरेसा वाजवून झालाय, म्हणून आत्ता लिहिते आहे.

ज्यांनी प्रिसिजन उघडून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९५७ पासून या बेसचा पिकअप दोन तुकड्यांत येतो. एक तुकडा जाड दोन तारांखाली, दुसरा बारीक दोन तारांखाली. प्रत्येक तारेच्या दोन्ही अंगांना एकेक चुंबकाची कांडी असते. दोन तुकड्यांची गुंडाळी एकमेकांच्या उलट आणि चुंबकाची टोकंही उलट, त्यामुळे बाहेरून येणारा हम, म्हणजे विजेची घरघर, एकमेकाला खोडतो आणि तारांचा आवाज मात्र शाबूत राहतो. क्वार्टर पाउंडची रचनाही हीच. फरक कांड्यांच्या जाडीत. नावातला क्वार्टर म्हणजे पाव इंच, तो या कांड्यांचा व्यास. नेहमीच्या प्रिसिजन पिकअपच्या कांड्या याहून बारीक असतात. शिवाय गुंडाळीही भरगच्च आहे: माझ्या जुन्या पिकअपचा रेझिस्टन्स मीटरवर साडेदहा किलोओम भरला होता, याचा बारा ते साडेबाराच्या मध्ये.

बसवताना जे झालं ते सांगणं गरजेचं आहे, कारण त्यापायी मी महिनाभर या पिकअपला विनाकारण दोष देत होते. तेव्हा मला सोल्डरिंगचा धीर नव्हता, म्हणून एका कारागिराकडून बसवून घेतला. आवाज मोठा, पण हमही मोठा. तारांना हात लावला तरी जात नव्हता, आणि बेस घेऊन उभ्या उभ्या गोल फिरले की कमीजास्त व्हायचा. ही खूण लक्षात ठेवा. तारांना हात लावताच थांबतो तो हम अर्थिंगचा किंवा शिल्डिंगचा असतो. तुम्ही फिरलात की बदलतो तो गुंडाळीत शिरलेला असतो, आणि दोन तुकड्यांच्या पिकअपमध्ये तो खोडला जायला हवा. खोडला जात नव्हता, कारण एका तुकड्याच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या. गंमत अशी की आवाजावरून हे कळत नाही. प्रत्येक तार एकाच तुकड्यावर वाजते, त्यामुळे सूर सगळे ठीकच येतात. हम तेवढा खोडला जाण्याऐवजी दुप्पट होतो. शेवटी काट्याचा जुना मीटर लावून बघितलं: कांड्यांवर स्क्रू-ड्रायव्हर टेकवून झटक्यात उचलला की काटा किंचित हलतो. दोन्ही तुकड्यांवर तो एकाच दिशेला हलला पाहिजे. माझा एकावर उजवीकडे आणि दुसऱ्यावर डावीकडे जात होता. त्या दिवशी मी सोल्डरिंग शिकले. दोन जोड बदलले आणि खोलीत शांतता झाली.

त्यानंतरचा महिना मी अक्षरशः तरंगत होते. एकटीने वाजवताना या पिकअपसारखं सुख नाही. खर्ज असा भरून येतो की जमीन पायाखाली आहे याची खात्री पटावी, आणि वर तारेवर नख लागल्याचाही आवाज स्वच्छ. पिकने, म्हणजे तार छेडायच्या पत्रीने, वाजवला तर प्रत्येक ठोका खणखणीत. जुना पिकअप याच्यापुढे घोंगडीखालून बोलल्यासारखा वाटायला लागला.

मग तालीम. दोन गिटार, ड्रम्स, गायिका आणि मी. पहिलं गाणं संपल्यावर ड्रमर मला म्हणाला, "अगं, तू वाजवत होतीस ना? मला काही ऐकूच आलं नाही." मी आवाज वाढवला. मग खोली घुमायला लागली, काचा थरथरल्या, आणि तरीही मी कुठला सूर वाजवते आहे ते कुणाला कळेना.

याचं कारण समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. बेसची सगळ्यात जाड मोकळी तार ४१ हर्ट्झवर कंप पावते. पण आपल्या कानाला तो सूर ओळखू येतो तो बहुतांशी त्याच्या वरच्या पटींमुळे: ८२, १२३, १६५ आणि पुढे. छोट्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ फारसा बाहेर पडतही नाही, तरी सूर ऐकू येतो, तो या पटींच्या जोरावर. गर्दीत बेस सापडतो तो मधल्या पट्ट्यात, अंदाजे २०० ते ८०० हर्ट्झच्या दरम्यान. क्वार्टर पाउंडचा स्वभाव असा की दोन्ही टोकं भरघोस आणि मधला भाग मागे. खालचं टोक किक ड्रममध्ये विरघळतं, वरचं झांजा आणि गिटार खाऊन टाकतात. मध्ये जे उरतं तेच तर याच्याकडे कमी आहे. जुन्या पिकअपची जी घोंगडी मला खटकत होती ती घोंगडी नव्हतीच. तो मधला पट्टा होता, आणि त्याच्यामुळेच मी गाण्यात ऐकू येत होते.

याच टप्प्यावर माझे दोन तारे झाले होते. पिकअप काढून टाकायच्याच विचारात होते. त्याआधी एकदा नुसती उंची बदलून बघावी म्हटलं, आणि तिथून सगळं फिरलं.

पिकअपच्या उंचीबद्दल लोक फार कमी बोलतात. हा एक स्क्रू-ड्रायव्हरचा खेळ आहे, काही विकत घ्यावं लागत नाही, आणि माझ्या अनुभवात त्याने जेवढा फरक पडतो तेवढा अर्ध्या महागड्या बदलांनी पडत नाही. शेवटच्या पट्टीवर (फ्रेटवर) तार दाबून तारेच्या खालपासून कांडीपर्यंतचं अंतर मोजायचं. प्रिसिजनसाठी सर्रास सांगितलं जाणारं माप आहे जाड बाजूला सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक बाजूला अडीचच्या आसपास. या पिकअपच्या जाड चुंबकांना ते माप फार जवळचं पडतं. चुंबक तारेला ओढतो, तिचा झोका मोकळा होऊ देत नाही. जाड तारेवर वरच्या फ्रेटवर सूर लाटेसारखा हलतो, जणू दोन सूर एकमेकांना घासताहेत. मी अर्धा-अर्धा फेरा देत खाली आले. आता जाड बाजूला साडेचार, बारीक बाजूला साडेतीन. आवाज कमी झाला, तो अॅम्पच्या गेनवर भरून काढला. बदल्यात तारेची आस, म्हणजे नाद रेंगाळणं, वाढली, खर्ज आवरला गेला, आणि मधला भाग डोकं वर काढू लागला.

उरलेलं काम अॅम्पने केलं. माझ्याकडे अॅग्विलारचा टोन हॅमर ५०० आहे. त्यात मधल्या पट्ट्यासाठी दोन खुंट्या आहेत: एकीने किती ते ठरवायचं, दुसरीने १८० हर्ट्झपासून १ किलोहर्ट्झपर्यंत कुठे ते. दुसरी खुंटी साधारण ४०० ला ठेवून पहिली थोडी चढवली आणि खर्जाची, म्हणजे बेसची, खुंटी उलट उतरवली. घरी एकटीने ऐकलं तर हा आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो. तालमीत ड्रमर वळून माझ्याकडे बघून हसला. ज्यांच्या अॅम्पला मधल्या पट्ट्याची एकच ठरीव खुंटी आहे त्यांनी हा पिकअप घेताना दोनदा विचार करावा, कारण ती खुंटी नेमकी हव्या त्या जागी असेलच असं नाही.

अॅम्पवरून आठवलं, वॅटच्या मागे लागू नका. २५० वॅटचे ५०० केले की मिळतात फक्त ३ डेसिबल, कानाला "थोडं मोठं झालं" एवढंच. कॅबिनेटची, म्हणजे स्पीकरच्या पेटीची, सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॅटमध्ये ती किती मोठी वाजते) ३ डेसिबलने जास्त असेल तर तेवढीच भर अॅम्प न बदलता पडते. मी एका ८ ओमच्या कॅबिनेटला तसंच दुसरं जोडलं. अॅम्पला ४ ओमचा भार मिळाला, हवा ढकलायला दुप्पट जागा मिळाली, आणि जो फरक पडला तो कुठल्याही पिकअपने पाडला नसता. जोडण्याआधी आपला अॅम्प किमान किती ओम झेलतो ते मागच्या पाटीवर वाचा, हे मात्र चुकवू नका.

तारांचा प्रयोगही याच काळातला. नव्या राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या, खरखरीत) तारा या पिकअपवर मला फार कर्कश लागल्या, बोट सरकलं तरी चरचर. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) लावल्या आणि ब्रिजजवळ, म्हणजे तारा खाली अडकवलेल्या असतात तिथे, तारांखाली स्पंजची पट्टी सरकवली. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन १९६२ च्या प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड तारा आणि ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज ठेवून वाजवायचे, तेही उजव्या हाताच्या एकाच बोटाने. त्यांचा सूर कुठल्याही गाण्यात हरवत नाही, त्याचं थोडं मर्म मला या स्पंजच्या तुकड्याने समजावलं. आस तुटली की दोन ठोक्यांमध्ये रिकामी जागा राहते आणि प्रत्येक सुराचा आरंभ ठळक उमटतो. क्वार्टर पाउंडच्या भरघोस खर्जाला हा लगाम फार शोभतो. माझ्यासाठी ही या पिकअपची सगळ्यात सुंदर बाजू आहे, आणि आश्चर्य म्हणजे हा पिकअप सहसा पिकने, जोरात वाजवणाऱ्यांना सुचवला जातो.

पॉट (व्हॉल्यूम-टोनच्या खुंट्यांखालचे रेझिस्टर) आणि कपॅसिटरवर मी कमी वेळ घालवला. २५० किलोओमचे पॉट ठेवले. ५०० चे लावून पाहिले तर वरचं टोक आणखी टोकदार झालं, आणि ते याला मुळीच नको आहे. टोनवर ०.०४७ मायक्रोफॅरडचा साधा कपॅसिटर आहे. कागद आणि तेलाच्या जुन्या पद्धतीच्या कपॅसिटरचं खूप कौतुक ऐकलं होतं. लावला, दोन्हींची किंमत मीटरवर सारखी भरत होती, आणि डोळे मिटून मला फरक ओळखता आला नाही. केबल मात्र ओळखता आली. केबलच्या दर मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धारिता असते, आणि पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, पिकअपवर तिचा भार थेट पडतो. सहा मीटरची केबल लावली की या पिकअपची धार मऊ होते, तीन मीटरची लावली की परत येते. कार्यक्रमात मी मुद्दाम लांब केबल वापरते.

ब्रिजही बदलला. पातळ वाकवलेल्या पत्र्याचा काढून पितळेचा जड बसवला. सॅडल (तारा टेकतात ते तुकडे) जागच्या हलत नाहीत, इंटोनेशन (प्रत्येक पट्टीवर सूर बरोबर लागणं) नीट लागतं आणि लागलेलं टिकतं, यासाठी तो मला आवडतो. आवाजासाठी घ्याल तर निराश व्हाल. ठोका किंचित घट्ट झाला, एवढंच. सगळ्यात बारीक तारेवर सहाव्या पट्टीला माझ्या बेसचा एक मुका सूर आहे, बद्द वाजतो आणि लगेच विझतो. तो ब्रिजने हललाही नाही. या घाटाच्या बहुतेक बेसना पाचव्या ते सातव्या पट्टीदरम्यान असा एक सूर असतो, आणि तो मानेच्या कंपनातून येतो. हेडस्टॉकला, म्हणजे मानेच्या टोकाला, एक जड क्लिप लावली तर मुका सूर अर्ध्या पट्टीने सरकला, म्हणजे दोन सुरांच्या मध्ये जाऊन बसला. पिकअप बदलून हे होणार नव्हतं, आणि कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

तुलनेला दोन नावं. आमच्या एका मित्राच्या बेसवर डिमार्झिओचा मॉडेल पी आहे. त्यात सिरॅमिक चुंबक आणि फिरवता येणारे पोल आहेत, म्हणून तारांचा समतोल तारेगणिक साधता येतो. त्याचा मधला पट्टा पुढे आहे, गुरगुरतो. दोन गिटारांच्या गटात मी आज नव्याने घेत असते तर तोच घेतला असता. ईएमजीचा अॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणारा, पी पिकअपसुद्धा वाजवून पाहिला. ९ व्होल्टची बॅटरी, हम जवळजवळ शून्य, केबल कितीही लांब लावा, फरक नाही. फार नेटका, आणि मला बोटांचा हलका-जड भेद त्यात कमी जाणवला. तो ज्याच्या त्याच्या हाताचा प्रश्न आहे.

क्वार्टर पाउंडला मी चार तारे देते. तीन माणसांचा गट असेल, एकच गिटार असेल, पिकने वाजवत असाल किंवा माझ्यासारख्या फ्लॅटवाउंड तारा असतील, तर जरूर घ्या, आणि बसवल्यावर आधी खाली उतरवा. दोन गिटार आणि कीबोर्ड असलेल्या गटात, साध्या अॅम्पवर, नव्या राउंडवाउंड तारांसह घ्याल तर पहिल्याच तालमीत हरवाल.

जुना पिकअप मी स्क्रूंसकट एका डबीत ठेवला आहे. गेल्या महिन्यात एका संथ गाण्याच्या रेकॉर्डिंगसाठी तो परत बसवला, चाळीस मिनिटं लागली. कुणाला काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या टेकनंतर आमचा गिटारवाला हेडफोन काढून म्हणाला, "आज बेस जवळ बसून बोलल्यासारखा वाटतोय, काय केलंस?" त्या गाण्यावर तोच ठेवला. दुसऱ्या दिवशी क्वार्टर पाउंड पुन्हा जागेवर, साडेचार आणि साडेतीनवर.