तापत नसलेला ओटीजी आणि तपकीर गल्लीजवळचे दुरुस्तीवाले काका

पुण्यात बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास, मिक्सर-इस्त्री-गीझर दुरुस्त करणारी बरीच छोटी दुकानं आहेत. त्यातल्याच एका दुकानाबद्दल लिहितेय. ओव्हन तापेनासा झाला म्हणून कुणी नवा घ्यायला निघालं असेल, तर आधी अशा दुकानात जाऊन या, हे मी अगदी कळकळीने सांगेन.

मी घरून नानकटाई आणि बिनअंड्याच्या केकच्या ऑर्डरी घेते. माझा ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, १६०० वॉटचा, तापणारे रॉड वर दोन, खाली दोन. दिवाळी तोंडावर आलेली आणि हा बंद. टायमर फिरवला की लाल दिवा लागायचा, पण रॉड थंडगार. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन केला, तर ओव्हन न बघताच ‘चारही रॉड आणि थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा स्विच) बदलावा लागेल’ म्हणाले. खर्च एवढा सांगितला की थोडे पैसे घालून नवाच आला असता. मला खरंच राग आला. झाकण न उघडता पाच पार्ट गेलेत हे कळतं कसं?

मग या दुकानात गेले. तिथल्या काकांनी ओव्हन काउंटरवर ठेवायच्या आधी विचारलं, “वरचे तापत नाहीत की खालचे?” दोन्ही नाहीत म्हटल्यावर म्हणाले, “मग ताई, रॉड नसणार. चारही एकदम जात नाहीत. दोन्हीकडे करंट जिथून जातो, तिथे बघू.” घरी कुठल्या सॉकेटला लावता, तेही विचारलं. १६०० वॉट म्हणजे जवळजवळ ७ अँपियर, त्याला १६ अँपियरचाच सॉकेट हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नको. टायमर शून्यावर असला की बऱ्याच ओटीजींमध्ये रॉडला करंटच जात नाही, आणि तेवढ्यासाठी लोक चांगला ओव्हन उचलून आणतात म्हणे. अशांकडून ते पैसे घेत नाहीत.

मग बाजूचा पत्रा काढला आणि मल्टिमीटर, म्हणजे वीज तपासायचा मीटर, लावला. माझ्या ओव्हनमध्ये वरचे दोन रॉड एकमेकांशी सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडलेले आहेत, खालचेही तसेच. दोन्ही जोड्यांचं रीडिंग ६६ ओहमच्या आसपास आलं. २३० व्होल्टवर एका जोडीच्या ८०० वॉटचा हिशेब केला तर उत्तर तेवढंच येतं, म्हणजे रॉड ठणठणीत. बॉडीला करंट उतरतोय का, तेही बघितलं. रॉडच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड असते, ती पावसाळ्यात ओल धरते आणि मग ओव्हन लावला की घरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. माझ्या रॉडना ओल नव्हती.

दोष सापडला थर्मोस्टॅटपाशी. नॉब फिरवला की ‘टक’ व्हायचं, पण मीटरवर कंटिन्युइटी येईना, म्हणजे करंट पुढे जातच नव्हता. काकांनी टॉर्च धरून मला आत बघायला लावलं. टर्मिनलवरचा लग (वायरच्या टोकाची धातूची क्लिप) काळाठिक्कर, त्याखालची पट्टी जळून खड्डे पडलेले, वायरचं आवरण बोटाने दाबलं तर पापडासारखं मोडलं. लग जरा सैल झाला की तिथेच गरम होतो, गरम झाला की आणखी सैल होतो, असं करत शेवटी पट्टीच जळते. थर्मोस्टॅट नवा घातला. जळकी वायर कापून काचेच्या धाग्याच्या स्लीव्हची वायर लावली, लग पक्कडीने दाबला आणि जोरात ओढून बघितला. सोल्डरचा डाग देऊन जोडला नाही. इथल्या उष्णतेला शिसं-कथलाचा डाग वितळतो, आणि साधी पीव्हीसी वायरही टिकत नाही. हे सगळं माझ्यासमोर, हात चालू ठेवून समजावत.

सातशे रुपये घेतले आणि जुना थर्मोस्टॅट न मागता हातात दिला. मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. आत थर्मामीटर ठेवून ओव्हन तापवला. नॉब १८०वर, आतलं तापमान १९५च्या जवळ. “पंधराने कमी लावा,” म्हणाले. नानकटाई आता खालून एकसारखी बदामी होते.

उणिवाही सांगते. गाडी लावायला जागा नाही, फोन क्वचित उचलतात, छापील बिल मिळत नाही. कागदावर तारीख आणि पार्टचं नाव लिहून देतात, तीन महिन्यांची हमी तोंडी. व्यवसायासाठी बिल लागणाऱ्यांची अडचण होईल. मायक्रोवेव्ह मात्र गिऱ्हाइकासमोर उघडत नाहीत, कारण प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) चार्ज राहू शकतो. ते मला पटलं.

जाताना ट्रे आणि जाळ्या घरीच ठेवा, मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर पुसट झाला असेल तर खोक्यावरून लिहून न्या. आणि सकाळी दुकान उघडताच जा. संध्याकाळी गर्दी असते, तेव्हा ‘ठेवून जा’ म्हणतात आणि उघडलेला ओव्हन बघायला मिळत नाही.